बनवणाऱ्याने चाखायचं नाही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांसारखं सार अख्ख्या जबलपुरात कोणी करत नाही, आणि ही गोष्ट अख्ख्या जबलपुरात फक्त काकांनाच खात्रीने सांगता येत नाही. कारण स्वयंपाक करताना ते स्वतःच्या हातचं काहीही चाखून बघत नाहीत. यात नैवेद्याचा प्रश्न नाही. देवाशी त्यांचं तसं फारसं बोलणं नसतं. त्यांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, तीही इन्स्पेक्शनमध्ये गेली. तिथला एक नियम त्यांच्या अंगात इतका मुरला की रिटायर झाल्यावर तो त्यांच्याबरोबर चेरीतालच्या घरात राहायला आला. ज्याने माल बनवला त्याने तो पास करायचा नाही. "अवं, ज्यानं बनवलं त्याची जीभ त्याचीच बाजू घेते ना," असं ते समजावून सांगतात, आणि सांगताना पळी तोंडापासून लांब धरतात, जणू जवळ आली तर ती आपणहून तोंडात शिरेल.

रिटायर झाले त्याच महिन्यात त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. काकूंनी तो आनंदाने दिला. "इतकी वर्षं मी रांधलं आणि यांनी मुकाट्याने खाल्लं. आता हे रांधतील आणि मी बोलीन," असं त्या माझ्या आईला जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या. फॅक्टरीतला जुना निळा ओव्हरऑल चढवून काका ओट्यासमोर उभे राहत. खिशात पेनाऐवजी चमचा. साधं, पातळ, पोटाला त्रास न देणारं अन्न एवढाच त्यांचा प्रांत. मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, ताकाची कढी, भाताची पेज, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा उकळून काढलेलं पाणी, हिवाळ्यात कोवळ्या मटारचं सूप. तळण त्यांना आवडत नाही. तळलं की काहीही खपतं, त्यात माल कसा आहे ते कळत नाही, असं त्यांचं मत.

त्यामुळे भाजी घेणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असे. गल्लीत हातगाडी आली की काका चष्मा पुसून खाली उतरत, मटारची एक शेंग उचलत, उन्हात धरत, शिवणीवर अंगठा दाबून उघडत, दाणे मोजल्यासारखे बघत आणि मग दुसरी उचलत. भाजीवाला भैया एकदा अगदी कंटाळून म्हणाला, "अंकल, मटर है, बम नहीं है।" काका जराही न हसता म्हणाले, "बम होता तो तू इतना लापरवाह नहीं होता।" त्यानंतर तो भैया काकांना आधी वेगळी टोपली दाखवायचा. ती टोपली बाकीच्यांना कधी दिसली नाही.

सार तयार झालं की ते पांढऱ्या कपात ओतून काकूंकडे जाई. त्या दुपारच्या उन्हात खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या असत. एक घोट घेत, डोळे अर्धे मिटत, आणि तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला की काकांना काही विचारायची गरज नसे. पण काकू सांगतच. "अहो, ही कढी आहे की कढीची आठवण?" किंवा, "जिरं जळलंय. ते बिचारं ओरडून ऱ्हायलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही." काका मान डोलवत कप परत नेत, म्हणत, "अच्छा, रीवर्कला घेतो." रीवर्क होऊनही पास झालं नाही तर पातेलं जिन्याने वर आमच्याकडे येई. आईने पहिल्यांदा विचारलं, "काकूंना नाही आवडलं?" तर काका गंभीरपणे म्हणाले, "रिजेक्ट माल आहे वहिनी. पण खायला धोका नाही." आमच्या घरी अनेक वर्षं रिजेक्ट माल येत राहिला आणि आम्ही तो वाटी पुसून खाल्ला. कढी तर पहिल्या फेरीत कधी पास झाल्याचं मला आठवत नाही. पास होणारी हुकमी गोष्ट एकच होती, मुगाचं कढण. ते पिऊन काकू काही बोलत नसत. नुसता रिकामा कप पुढे करत. तेवढ्यावर काका संध्याकाळपर्यंत शीळ घालत.

गल्लीत कोणी आजारी पडलं की काका स्टीलचा डबा घेऊन हजर होत. फक्त तापासाठीच नाही. कोणत्या दुःखावर कोणतं सार हे त्यांनी स्वतःशी ठरवून ठेवलेलं होतं. समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरून मोडलं तेव्हा त्यांनी टोमॅटोचं सार नेलं, वर साखर जरा जास्त घातली. माझा एक इंटरव्ह्यू फार वाईट झाला. मी सदरहून ऑटोने घरी आले आणि खोलीचं दार लावून बसले. संध्याकाळी दारावर टकटक झाली. काका, आणि हातात लौकीचं, म्हणजे दुधीचं, सूप. मी डबा घेऊन आईकडे दिला. मी एरवीही कमीच बोलते. आईने विचारलं, "लौकीचं काहून?" काका हळू आवाजात म्हणाले, "दुःखात फार चव देऊ नाही. जिवाला कष्ट होतात." मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर ते वाक्य खरं असल्याचं मी अनेकदा बघितलं.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात काकूंना लकवा झाला.

उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि गिळणंही गेलं. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. काकांनी पुढची खोली रिकामी केली, डोक्याकडून वर-खाली होणारा पलंग आणून खिडकीपाशी लावला, म्हणजे निदान ऊन तरी पूर्वीच्या जागी पडेल. काकूंची देखभाल करायला दिवसभरासाठी एक दीदी ठेवली. जिन्यात पूर्वी जिऱ्याचा वास असायचा तिथे आता फिनाइलचा येऊ लागला. मी लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत घरूनच काम करते. दुपारी खालून भांड्यांचा आवाज नाही, काकूंचं बोलणं नाही. माझ्यासारख्या शांतता आवडणाऱ्या माणसालाही ती शांतता आवडली नाही.

काकांचा मुलगा परदेशात असतो. त्याने फोनवर सांगितलं की बाबा, नळीतून द्यायची पावडर मिळते, डबा आणा, पाण्यात घोळा, झालं. काकांनी ओमतीहून डबा आणला, झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावलं. मग डॉक्टरांना जाऊन विचारलं, घरचं चालेल का? डॉक्टर म्हणाले, पातळ करा, नीट गाळा, तिखट मसाला नको, मग चालेल. पातळ आणि गाळलेलं म्हणजे काकांचा जन्मभराचा प्रांतच. ते घरी आले आणि त्यांनी ओव्हरऑल चढवला. डाळ मऊ शिजवून, घोटून, आधी चाळणीतून, मग मलमलीतून गाळत. तुपात जिऱ्याची फोडणी देत आणि ती पुन्हा गाळत. दीदी बघत राही. ती दमोहकडची, स्पष्ट बोलणारी. एक दिवस तिने विचारलंच, "अंकल, नली को क्या मालूम आपने जीरा डाला कि नहीं?"

"नली को नहीं मालूम," काका म्हणाले, "तो क्या हम बेईमानी करें?"

पण प्रश्न वेगळाच उभा राहिला होता. माल तयार होता आणि पास करायला कोणी नव्हतं. काही दिवस त्यांनी तसेच काढले असावेत. मग एका संध्याकाळी ते पांढरा कप घेऊन आमच्या दारात आले. आईने हात पुढे केला तर त्यांनी कप मागे घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही."

"ही?" आई म्हणाली. "अहो, ही तर बोलतच नाही कोणाशी."

"म्हणूनच. तुम्ही शेजारधर्म म्हणून चांगलं म्हणाल, वहिनी. हिला तेवढंही बोलायचा कंटाळा."

मी घोट घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कोणी माझ्याकडे बघत असलं की मला कशाचीच चव लागत नाही. मी म्हटलं, "छान आहे."

"छान हा रिपोर्ट नाही बेटा," काका म्हणाले. "छान म्हणजे तू तपासलंच नाही."

मी इंग्लिश मीडियमची. घरात मराठी कानावर असे, जिभेवर कमी. चवीसाठी माझ्याकडे गोड, तिखट, खारट आणि 'ठीक आहे' एवढेच शब्द होते. काकांनी ते एकेक करून वाढवले. डाळ कच्ची राहिली की जो वास येतो तो उग्र. मीठ विसरलं तर अळणी. शिळ्या पाण्यासारखं लागलं तर मचूळ. घशाला आत ओढून धरतं ते तुरट. आणि तूप-जिरं बरोबर जमलं तर खमंग, पण हा शब्द जपून वापरायचा, रोज नाही. मी रोज संध्याकाळी खाली जाऊ लागले. कप घ्यायचा, घोट घ्यायचा, आणि उभ्याने सांगायचं: मीठ जरा कमी, उग्र नाही, जिरं बरोबर. "चलो, पास," असं म्हणून काका ते गाळून सिरिंजमध्ये भरत. मग पलंगापाशी बसून, ते हळूहळू नळीत सोडत असताना, काकूंना सांगत बसत: "आज मुनगा आहे. कोवळ्या शेंगा भेटल्या. तूप घरचं आहे, पाटणच्या त्या बाईचं. पोरगी म्हणून राहिली मीठ कमी होतं, तर टाकलं." काकू खिडकीकडे बघत. आपल्याकडे बघतायत की आपल्या पलीकडे, हे कळायला मार्ग नव्हता.

डॉक्टरांकडे गेले की काका दर वेळी तेच विचारत: तोंडाने कधी देता येईल? दर वेळी उत्तर यायचं, अजून नाही. एकदा दवाखान्यातून परतल्यावर ते जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसले. मी वर जात होते, तर थांबले. काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच ते बोलले.

"बोलणं गेलं, जाऊ दे. मला ओळखत नसेल, तेही एक वेळ चालते. पण चव गेली असेल, तर मग ती स्वतः कुठं असेल वं?"

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

या थंडीच्या शेवटी डॉक्टरांनी थोडी परवानगी दिली. सरळ बसवून, चमच्याच्या टोकावर, दोन-चार थेंब, तेही सकाळच्या वेळी. ठसका लागला तर लगेच बंद. आणि एक अट: पातळ चालणार नाही, पातळ गोष्ट घशात चुकीच्या बाजूला उतरते. मधासारखं दाट हवं.

दाट! काकांचं सगळं कौशल्य पाण्याच्या बाजूला होतं. दाट सार म्हणजे त्यांच्या लेखी वरण, आणि वरण कोणालाही येतं. आठवडाभर ते गल्लीत ज्याला त्याला थांबवून विचारत राहिले की इतक्या दिवसांनी तोंडात पहिल्यांदा काय द्यावं. भाजीवाला भैया म्हणाला, खोये की जलेबी का रस. समोरच्या काकूंनी दुधातली साय सुचवली. मुलगा फोनवर म्हणाला, मध. काका सगळ्यांना "अच्छा, अच्छा" म्हणत आणि मान हलवत. माझी आई म्हणाली, "त्यांची आवडती कढी करा ना." काका दचकलेच. "कढी? पहिल्याच दिवशी? नाही वहिनी, रिस्क नको." शेवटी त्यांनी मुगाचं कढणच ठरवलं. तेच, जे कधी परत आलं नव्हतं. फक्त जरा आटवून.

रविवारची सकाळ होती. मी खाली गेले तेव्हा काकांनी ओव्हरऑल धुऊन, इस्त्री करून घातला होता. मला कप दिला. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घोट तोंडात ठेवला. मीठ बरोबर. जिरं बरोबर. डाळ पूर्ण शिजलेली, उग्र अजिबात नाही. मी म्हटलं, "खमंग आहे, काका." मी तो शब्द तोवर फारच थोड्या वेळा वापरला होता. काकांनी विचारलं, "पक्कं?"

"पक्कं."

दीदीने पलंग मागून वर केला, पाठीशी उशा लावल्या. काकूंची मान एका बाजूला कलत होती ती काकांनी आपल्या तळहाताने सावरली. दुसऱ्या हातात चमचा. तो त्यांनी आधी मटारच्या शेंगेसारखा उन्हात धरून पाहिला. "अवं," ते म्हणाले, "मूग आहे. तुझंच. तोंड उघड जरा."

चमच्याचं टोक ओठांना लागलं. ओठ जरासे विलग झाले. एक थेंब आत गेला. आम्ही तिघं घशाकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने घसा हलला. ठसका नाही. दीदीने श्वास सोडला. काकांनी दुसरा थेंब दिला, मग तिसरा.

तिसऱ्या थेंबाला काकूंच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. उजवी तशीच राहिली, पण डावी भुवई आखडली, डोळा अर्धा मिटला, तोंडाचा कोपरा खाली ओढला गेला. जिभेने थेंब बाहेर ढकलला. तो ओठावरून हनुवटीवर आला.

"बस अंकल," दीदी म्हणाली, "उनको नहीं चाहिए।"

काका हातात चमचा धरून बसून राहिले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा भलताच खुललेला दिसत होता.

"पाहिलं का तू?" ते म्हणाले. "रिजेक्ट केलं! तू पास केलं अन् हिनं रिजेक्ट केलं! खमंग म्हणे! अवं पोरी, तुझी जीभ अजून ट्रेनिंगवर आहे, पाहिलं ना?" मग काकूंकडे वळून, घाईघाईने, जणू त्या उठून जाणार होत्या: "हो हो, समजलं मला. रागावू नको. परत करतो. तू बसून राहा." ते उठले, चमचा खिशात टाकला, तो कढणाने भरलेला होता याचं भान न ठेवता, आणि स्वयंपाकघरात गेले. निळ्या खिशावर पिवळा डाग पसरत गेला.

दीदी माझ्या जवळ आली. "सुनो," ती हळूच म्हणाली, "ऐसा मुँह तो वो सोते-सोते भी बनाती हैं। दवाई की सुई पे भी। अंकल से मत कहना।" मला ते माहीत होतं. तो चेहरा मीही आधी पाहिला होता, चमच्याशिवाय, साराशिवाय, भर दुपारी भिंतीकडे बघताना. पण या वेळी तो तसाच होता की वेगळा होता, हे मी शपथेवर सांगू शकले नसते, आणि अजूनही सांगू शकत नाही.

आतून काकांचा आवाज आला. पातेल्यांच्या आवाजावरून ओरडून ते विचारत होते, "पोरी, विचार ना तिला, हिंग जास्त झाला का? का आटवलं म्हणून डाळीचा वास आला?"

मी काकूंकडे वाकले. मला असं मोठ्याने, कोणाच्या देखत काही विचारायची सवय नाही. तरी विचारलं. "काकू, हिंग जास्त झाला होता का?" त्यांचा डावा हात माझ्या हाताखाली गरम होता. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर भाजीची गाडी उभी होती.

"काकू काही म्हणत नाहीयेत, काका," मी म्हटलं.

"म्हणणार नाहीच ती. लकवा झाला तिला," आतून लगेच उत्तर आलं, "शोधून काढावं लागते आपल्यालाच. तू बस तिथं तिच्यापाशी. करून राहिलो मी."

त्या दिवसाचे थेंब तर संपले होते. दीदीला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं काकांनाही माहीत असणार. ऊन पलंगावरून सरकून भिंतीवर चढलं होतं. आत तूप तापल्याचा वास येऊ लागला, मग जिरं तडतडलं. दीदीने पलंग खाली करायला हात लावला आणि तसाच काढून घेतला. मी पदराच्या टोकाने पुसावं तसं माझ्या ओढणीने काकूंची हनुवटी पुसली, आणि आम्ही तिघी तशाच बसून राहिलो, सार तयार होण्याची वाट बघत.